जुनं गिऱ्हाईक नाराज आहे, पण नेमकं कशावर?



भागीदारीवरचा किंवा नव्या प्रॉडक्टवरचा व्हिडिओ आला की एक प्रश्न हमखास येतो. भागीदारीतून बाहेर पडून स्वतःचं काहीतरी सुरू केलं, पण जुन्या गिऱ्हाइकांमध्ये दोन तट पडले. काही म्हणतात भारी झालंय, काही म्हणतात पूर्वीची मजा राहिली नाही. आता ऐकायचं कुणाचं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. किती जण खूश आणि किती नाराज, ही मोजणी सोडा. नाराज माणूस पूर्वी तुमच्याकडून नेमकं काय विकत घेत होता, ते शोधा. आणि एक साधा नियम लक्षात ठेवा: गिऱ्हाइकाला दिलेलं वचन तेच असेल, तर माणसं बदलली तरी नाव तेच ठेवा. वचनच बदललं असेल, तर नाव बदला.

हे समजायला आज एका अमेरिकन मँडोलिनवादकाची गोष्ट घेऊ. शेअर बाजार नाही, स्टार्टअप नाही, फंडिंग नाही. एक वाद्य, एक मोडलेला बँड, एक नवा बँड, आणि तिकीट काढून येणारे चाहते. म्हणजे धंदाच की!

आधी थोडी ओळख

मँडोलिन म्हटलं की आपल्याला 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'मधल्या शाहरुखच्या हातातलं वाद्य आठवतं. आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या. अमेरिकेत हे वाद्य 'ब्लूग्रास' नावाच्या संगीतात मानाच्या जागी आहे. मँडोलिन, फिडल म्हणजे आपलं व्हायोलिन, बँजो, गिटार आणि उभा मोठा बेस, अशी ही पाच वाद्यं. ड्रम सहसा नाहीत. वेग जबरदस्त, आणि वर उंच पट्टीत एकत्र गाणं. हे संगीत ऐकणारे लोक परंपरेच्या बाबतीत कडक असतात. आपल्याकडे शास्त्रीय मैफलीला 'घराण्याची शिस्त कुठे गेली?' असं विचारणारे जाणकार असतात ना, तसेच.

चालता धंदा का थांबवला?

क्रिस थीली हा १९८१ साली जन्मलेला मँडोलिनवादक. १९८९ मध्ये, म्हणजे आठ वर्षांचा असताना, सारा आणि शॉन वॉटकिन्स या बहीण-भावाबरोबर त्याचा बँड सुरू झाला. नाव 'निकेल क्रीक'. कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबाडमध्ये एका पिझ्झाच्या दुकानात ब्लूग्रास वाजवलं जायचं, तिथून ही पोरं पुढे आली. २००० साली अ‍ॅलिसन क्राउस या मोठ्या गायिकेनं निर्मिती केलेला त्यांचा अल्बम आला आणि नाव झालं. पुढच्या 'धिस साइड'ला ग्रॅमी मिळालं. तिघांच्या आवाजांचा गोड मेळ, तीन-चार मिनिटांची सुंदर गाणी, अशी ओळख पक्की झाली.

२००६ मध्ये त्यांनी जाहीर केलं की आता थांबतोय. २००७ मध्ये निरोपाचा दौरा झाला. नाव होतं 'फेअरवेल, फॉर नाऊ'. म्हणजे निरोप, पण तूर्तास. हा 'तूर्तास' शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इकडे थीलीनं २००६ मध्येच वेगळ्या चार वादकांना घेऊन एक अल्बम केला होता. त्यातूनच नवा बँड उभा राहिला. म्हणजे जुन्याला कुलूप लावून दुसऱ्या दिवशी नव्याचा नारळ फोडला, असं झालं नाही. काही काळ दोन्ही शेजारी-शेजारी चालू होतं. नोकरी किंवा चालता धंदा सोडून उडी मारायला निघालेल्यांनी हे दोनदा वाचा.

नावाचीही गंमत बघा. आधी 'हाऊ टू ग्रो अ बँड', मग काही काळ 'टेन्शन्स माउंटन बॉइज', आणि शेवटी 'पंच ब्रदर्स'. हे शेवटचं नाव मार्क ट्वेनच्या एका कथेवरून आलं. कथेत एक ओळ लोकांच्या डोक्यात अशी शिरते की बाहेरच पडत नाही. लोगो छापायच्या आधी नाव सुचत नाही म्हणून सहा महिने धंदा अडवून ठेवणाऱ्यांनो, या माणसानं काम सुरू केलं आणि नाव चालता-चालता पक्कं केलं.

मग चाहते फुटले

मार्च २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलच्या झँकेल सभागृहात या बँडनं नवी रचना सादर केली: 'द ब्लाइंड लीव्हिंग द ब्लाइंड'. चार भाग, सगळी मिळून साधारण चाळीस मिनिटं. पुढच्या वर्षी ती 'पंच' या अल्बमवर आली. वाद्यं बघितली तर तीच पाच, जुन्या ब्लूग्रासची. पण बांधणी पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतासारखी. लय मोडते, सूर अनपेक्षित ठिकाणी जातो, टाळी कुठे द्यायची ते कळत नाही.

अशा वेळी श्रोते ढोबळमानाने तीन गटांत जातात.

पहिला गट: माणसांचं गिऱ्हाईक. यांना निकेल क्रीकमधले ते तीन आवाज हवे होते. साराचा आवाज आणि तिचं फिडल, शॉनची गिटार. यांच्या दृष्टीनं नवा बँड कितीही चांगला असो, त्यात सारा नाही.

दुसरा गट: प्रकाराचं गिऱ्हाईक. समोर बँजो आहे, मँडोलिन आहे, मग ब्लूग्रास कुठे आहे? यांना ठेका हवा, ओळखीची चाल हवी. चाळीस मिनिटांची एक रचना म्हणजे यांना मिसळ मागवल्यावर कुणी सात कोर्सचं जेवण समोर मांडल्यासारखं वाटतं.

तिसरा गट: त्या माणसाच्या शोधाचं गिऱ्हाईक. थीली पुढे काय करतो याचीच यांना उत्सुकता. हे सगळ्यात खूश. शिवाय शास्त्रीय संगीत ऐकणारे काही नवे कानही आले.

आता माझा मुद्दा. हे तिन्ही गट पूर्वी एकाच रांगेत उभे राहून एकच तिकीट काढत होते. पैसे सारखेच देत होते, टाळ्या एकत्रच वाजवत होते. त्यामुळे वाटायचं, आपले कस्टमर एकाच प्रकारचे आहेत. प्रत्यक्षात एका तिकिटावर तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जात होत्या. नवा बँड आल्यावर फक्त ते उघडं पडलं.

तुमच्या धंद्यातही हेच असतं. समजा, दोन मैत्रिणी मिळून घरगुती डबे देत होत्या. एक वेगळी झाली आणि तिनं भरडधान्याच्या बेकरीचं काम सुरू केलं. डबा घेणाऱ्यांतल्या एकाला दुसऱ्या मैत्रिणीच्या हातची आमटी आवडायची. दुसऱ्याला दुपारी एकच्या ठोक्याला पोटभर जेवण हवं होतं. तिसऱ्याला हिच्या हातचं काहीही चालायचं. आता तिघं तीन तोंडांनी बोलणार. यात बेकरीचा दोष नाही आणि गिऱ्हाइकांचाही नाही.

तिघांना तीन उत्तरं

पहिल्या गटाची नाराजी तुम्ही क्वालिटी सुधारून घालवू शकत नाही. पाव कितीही मऊ करा, त्यातून आमटी निघणार नाही. यांच्याशी वाद घालू नका, सूट देऊन ओढू नका. जुन्या भागीदाराबद्दल वाईट तर बिलकुल बोलू नका, कारण हे गिऱ्हाईक त्याच्यावर प्रेम करतं. दार उघडं ठेवा. निकेल क्रीकनं 'तूर्तास' म्हटलं होतं आणि ते खरं केलं. २०१४ मध्ये पंचवीस वर्षांच्या निमित्तानं तिघं एकत्र आले, नवा अल्बम केला. २०२३ मध्ये पुन्हा केला. भांडून, चिखल उडवून वेगळे झालेल्यांना ही संधी मिळत नाही.

दुसऱ्या गटाला तिकीट काढायच्या आधी सांगायला हवं की आत काय मिळणार आहे. नवं नाव हे काम अर्धं करतं. निकेल क्रीकच्या नावावर ती चाळीस मिनिटांची रचना विकली असती, तर 'फसवलं' म्हणायचा हक्क श्रोत्याला मिळाला असता. 'पंच ब्रदर्स'वर तो फार तर 'आवडलं नाही' म्हणू शकतो. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आवडलं नाही म्हणणारा उद्या परत येऊ शकतो. फसवलं म्हणणारा दहा जणांना थांबवतो.

तिसऱ्या गटाचं कौतुक गोड लागतं, पण त्यातच धोका आहे. हे तुम्ही काहीही केलं तरी टाळ्या वाजवतात, म्हणून त्यांच्या टाळ्यांवरून प्रॉडक्ट तयार झालं असं समजू नका. बघा, २०१० च्या 'अँटिफॉगमॅटिक' अल्बममध्ये याच बँडनं लहान-लहान गाणी दिली आणि ती पाचही जणांनी मिळून रचली. तक्रारींमुळे तसं केलं, असा दावा मी करणार नाही. पण एकट्या मालकाच्या डोक्यातून निघालेली गोष्ट सगळ्या टीमची झाली, हे दिसतं. अवघड वाजवणं त्यांनी सोडलं नाही. 'ऑल अशोअर' या २०१८ च्या अल्बमला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं. 'पंच' येऊन तोवर दहा वर्षं उलटली होती. पहिल्या तीन महिन्यांच्या फीडबॅकवर दुकान गुंडाळणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहावा.

नाव न बदलणारा बाप माणूस

आता उलटं उदाहरण. ब्लूग्रास हे नाव ज्याच्या बँडवरून पडलं तो बिल मन्रो, हाही मँडोलिनवादकच. त्याच्या बँडचं नाव 'ब्लू ग्रास बॉइज'. त्यानं हे नाव सुमारे सहा दशकं चालवलं, आणि त्यातून शंभराहून जास्त वादक येऊन गेले.

१९४५ च्या अखेरीपासून १९४८ च्या सुरुवातीपर्यंत त्याच्याकडे लेस्टर फ्लॅट आणि बँजोवाला अर्ल स्क्रग्स होते. आजही अनेक जाणकार म्हणतात, खरा ब्लूग्रास बँड तोच. मग ते दोघं बाहेर पडले, स्वतःचा बँड काढला आणि मन्रोचे तगडे स्पर्धक झाले. हाताखाली तयार झालेला कारागीर समोरच दुकान टाकतो, तेच. मन्रोनं ते मनाला इतकं लावून घेतलं की फ्लॅटशी वीस वर्षांहून जास्त काळ अबोला होता. १९७१ साली बीन ब्लॉसमच्या महोत्सवात ते पुन्हा एकत्र दिसले.

पण धंदा म्हणून बघा. मन्रोनं नाव बदललं नाही, आणि ते बरोबरच होतं. कारण वचन तेच होतं: त्याचा उंच आवाज, त्याचं मँडोलिन, तो वेग. शेजारी कोण उभं आहे ते बदलत राहिलं. चाहत्यांनी तुलना केलीच, 'ती १९४६ ची मजा नाही' म्हणाले, तरीही येत राहिले.

पंच ब्रदर्सनंही पुढे हेच केलं. २००८ मध्ये बेसवर पॉल कोवर्ट आला. २०२३ मध्ये फिडलवर गेब विचरच्या जागी ब्रिटनी हास आली. नाव तेच राहिलं, कारण आता या नावाचं स्वतःचं वचन तयार झालं होतं.

"सर, नाव बदललं तर गिऱ्हाईक तुटेल ना?"

हो, काही तुटेल. खोटा धीर मी देणार नाही. नव्या नावाची ओळख नव्यानं बनवावी लागते आणि त्याला पैसा, वेळ, दोन्ही लागतात. थीलीपाठी अठरा वर्षांची पुण्याई होती, पाठीशी चांगली रेकॉर्ड कंपनी होती. तुमच्यापाठी कदाचित बँकेचा हप्ता आहे, मुलांची फी आहे. म्हणून त्याची हिंमत कॉपी करण्याआधी त्याचा क्रम कॉपी करा: जुनं चालू असताना नव्याची चाचणी, मग जाहीर आणि प्रेमानं निरोप, मग नवं नाव. हप्ता भरण्याइतकं जुनं काम हातात ठेवून नवं वाढवणं, यात काहीही कमीपणा नाही.

पण फक्त गिऱ्हाईक टिकावं म्हणून जुन्या पाटीखाली वेगळाच माल विकू नका. पाटी टिकते, विश्वास जातो.

आजचा गृहपाठ

वही घ्या. गेल्या महिन्यात ज्यांनी तुमच्याबद्दल काही बरं-वाईट सांगितलं, अशा दहा गिऱ्हाइकांची नावं लिहा. प्रत्येकापुढे एकच गोष्ट लिहा: हा माझ्याकडून माणूस विकत घेत होता, प्रकार विकत घेत होता, की माझा शोध? माहीत नसेल तर फोन करा आणि विचारा, "आधी माझ्याकडे का येत होतात?" "आता का आवडत नाही?" असं विचारू नका. पहिल्या प्रश्नाला माणूस खरं उत्तर देतो, दुसऱ्याला तुमचं मन राखणारं.

दहा उत्तरं समोर आली की निम्म्या नाराजीवर तुम्हाला काहीच करायचं नाही, हे कळून डोकं हलकं होईल. उरलेली निम्मी मात्र गंभीरपणे घ्या. पुढच्या वर्षीचा तुमचा माल त्यातून सुधारणार आहे.

वहीतलं उत्तर काय आलं, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या व्हिडिओत!