आंबील आणि हॉप्स

सुरतेत डिंडोलीला राहणारा माझा भाचा परवा फोनवर विचारत होता, “मामा, घरी बिअर करून बघावी म्हणतोय. हॉप्स केव्हा घालायचे?” हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुले. उकळताना घातली की कडवटपणा उतरतो, वास मात्र वाफेबरोबर जातो. म्हणून वासाची फुले आंबणे ओसरल्यावर, न उकळता टाकतात आणि तीन-चार दिवसांत काढतात. फार दिवस राहिली की गवताची चव येते.

एवढे सांगून मी त्याला थांबवले. अरे बाबा, गुजरातेत १९४९चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. घरी बिअर करणे हा तिथे गुन्हा, आणि शिक्षा तुरुंगाची. नोकरी घालवशील! शेजारी बरेचसे खानदेशी, आपलेच. पण वास काही लपत नाही.

त्यापेक्षा आंबील कर. सीमाभागातल्या आपल्या घरांत कुणी आंबील म्हणते, कुणी अंबली, भांडे एकच. ज्वारीचे पीठ रात्री ताकात भिजवावे, सकाळी उकळत्या पाण्यात सोडून ढवळत शिजवावे. आंबट होते, चढत नाही. हॉप्सचा नियम इथेही चालतो. ठेचलेला लसूण शिजतानाच घातला तर मवाळ पडतो. आंबील पार निवू द्यावी, ताकाने सैल करावी, मग लसूण, जिरेपूड, कोथिंबीर घालून अर्धा तास झाकावी. रात्रभर नको, लसूण उग्र होतो.

सूनबाई धारवाडकडची, तिला ओग्गरणी हवी. तीही वरूनच द्यावी. माझे मत विचाराल तर लसूण असताना तिची गरज नाही.