फाईल उघडली की जुनी फाईल का हाक मारते?

एक्सेलची फाईल उघडावी आणि लगेच पाटी झळकावी, की या फाईलचे दुसऱ्या फाईलशी दुवे आहेत, ते अद्ययावत करू का? आपण तर बाई कसला दुवा जोडलेला नसतो! मग 'नको' दाबायचे आणि कामाला लागायचे, असेच पुष्कळजणी करतात. पाटी जाते. दुवा मात्र तिथेच राहतो आणि पुढे खिशाला खार लावतो.

कसा, ते पाहा. समजा, पेणला तुमचा पोह्याच्या पापडांचा गट आहे. फाईलमध्ये दोन पाने : एक 'दर', दुसरे 'बिल'. बिलातली किंमत दराच्या पानावरून आपोआप येते. रोह्याच्या नणंदबाई म्हणाल्या, मीही इथे विकते, मला तुमचे बिल पाठवा. तुम्ही बिलाचे तेवढे पान नव्या फाईलमध्ये उतरवलेत आणि पाठवलेत. झाले! दराचे पान राहिले पेणला, आणि बिल रोह्याला बसून त्याचीच वाट पाहते आहे. पोहे महागले म्हणून तुम्ही किलोमागे वीस रुपये वाढवलेत, तरी रोह्याचे बिल जुनाच दर छापणार. चाळीस किलो विकले की आठशे रुपये गेले, आणि बिल दिसायला अगदी बरोबर! शिवाय, दुव्यातून आलेले आकडे फाईलच्या पोटात साठलेले असतात. फाईल परक्याला धाडली, की तेही सोबत जातात.

तेव्हा आधी फाईलची एक प्रत काढून बाजूला ठेवा. यात आळस नको. मग 'डेटा' या भागात जा. जुन्या आवृत्तीत 'एडिट लिंक्स' आणि नव्यात 'वर्कबुक लिंक्स' असे लिहिलेले असेल. तिथे कुठली फाईल हाक मारते आहे, तिचे नाव दिसते. 'ब्रेक लिंक' दाबले, की सूत्र जाते आणि त्या वेळचा आकडा तेवढा उरतो. हे उलटवता येत नाही, म्हणून तर ती प्रत! मागच्या वर्षीच्या मिटलेल्या हिशेबाला हे चालेल. बिलाला चालणार नाही, कारण दर मग कायमचा गोठला.

बिलासाठी माझ्या मते दुसरी युक्ती चांगली. दराचे पानही त्याच नावाने रोह्याच्या फाईलमध्ये आणा, फाईल सेव्ह करा, आणि मग 'चेंज सोर्स' दाबून हीच, म्हणजे स्वतःचीच, फाईल निवडा. सूत्रे घरच्या घरी पाहू लागतात. दर बदलला की रोह्याच्या पानावर तो हाताने लिहावा लागेल, पण निदान तो कुठे लिहायचा ते डोळ्यांसमोर असेल. मुळात दोन्ही पाने एकदम निवडून उतरवली असती, तर हा व्यापच नव्हता.

एवढे करूनही पाटी हटत नाही? 'ब्रेक लिंक' फिकट दिसत असेल, तर एखादे पान कुलूपबंद असेल. ते आधी उघडा. नाहीतर दुवा आडोशाला बसला आहे. कंट्रोल आणि एफ दाबा, शोधायच्या जागी चौकटी कंस [ लिहा, पर्यायांत 'वर्कबुक' आणि 'फॉर्म्युलाज' निवडा. दुसऱ्या फाईलचे नाव सूत्रात त्याच कंसात असते. तिथे नसेल तर कंट्रोल आणि एफ-तीन दाबून नावांची यादी उघडा व परक्या फाईलकडे बोट दाखवणारे नाव काढून टाका. मात्र ते नाव कुठल्या सूत्रात वापरले नाही ना, ते आधी बघा.

उरले खाली उघडणाऱ्या याद्यांचे. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत मूर्तींची नोंदणी चालते, तशा कामात ही गोम हमखास. मूर्तीचा प्रकार निवडायची यादी गेल्या वर्षीच्या फाईलवरून आलेली असते, आणि 'ब्रेक लिंक' तिला हात लावत नाही. 'डेटा व्हॅलिडेशन' उघडून ती यादी चालू फाईलमध्येच नव्याने द्या. चौकटी आपोआप रंगवणारे नियम आणि आलेखही एकदा तपासा.

मग फाईल सेव्ह करून बंद करा, आणि पुन्हा उघडून पाहा.