शिक्कामोर्तब

शिरूर आणि दौंड येथे मराठी शिकवणाऱ्या आम्हा काही अध्यापकांनी दोन्ही गावांतील विद्यार्थ्यांसाठी एक छोटेखानी चर्चासत्र योजले होते. निबंध स्वीकारल्याची पत्रे आमच्या संकेतस्थळाच्या पत्त्यावरून ईमेलने धाडली. दौंडची एक विद्यार्थिनी आलीच नाही. पुढे भेटली तेव्हा म्हणाली, "सर, उत्तर आलं नाही, म्हणजे निबंध नाकारला असंच मी समजले." पत्र पोचले होते, पण स्पॅमच्या कप्प्यात पडून होते.

दोष आमचा होता. आमच्या डोमेनची ओळख आम्ही पटवूनच दिली नव्हती. 'ही तांत्रिक कामे, आपला प्रांत नव्हे' अशी आपणा साहित्याच्या मंडळींची एक सोयीस्कर समजूत असते. ती चुकीची आहे, असे आमचे मत आहे.

१९८२ साली ईमेलच्या वहनाचे नियम ठरले, तेव्हा पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याची तरतूद त्यांत नव्हती. कोणीही कोणाच्याही नावाने पत्र धाडावे, अशी स्थिती होती. त्यावरचे उपाय पुढे निघाले. ते डोमेनच्या सार्वजनिक नोंदींत, म्हणजे डीएनएसमध्ये लिहायचे असतात. आपल्या वतीने कोणत्या सर्व्हरांनी पत्रे पाठवावीत, हे एसपीएफची नोंद सांगते. डीकेआयएम पत्रावर सांकेतिक स्वाक्षरी करते. वाटेत मजकूर बदलला तर ती जुळत नाही. या कसोट्यांना न उतरणाऱ्या पत्राचे काय करावे, हे डीमार्क सांगते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांना हे तिन्ही बंधनकारक केले. इतरांनाही पहिल्या दोहोंपैकी एक हवेच.

यात आपल्याला परके असे काय आहे? शिवकालीन पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि शेवटी मोर्तब. शिक्क्याने पत्र कोणाचे ते कळे. मोर्तबाने मजकूर तिथेच संपल्याचे ठरे, म्हणजे खाली कोणी भर घालू नये. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण रोज वापरतो, त्यामागची ही सावधगिरी मात्र विसरतो. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. अशा कागदांच्या अभ्यासात पहिला प्रश्न असतो तो अस्सल कोणता आणि बनावट कोणता, हाच. वर्गात तो प्रश्न शिकवायचा आणि स्वतःचे पत्र मात्र बिनशिक्क्याचे धाडायचे, ही विसंगती आहे.

आक्षेप आहेतच. शिक्का पत्र कोणाचे ते सांगतो, मजकूर खरा की खोटा ते सांगत नाही. ओळख पटवलेल्या डोमेनवरूनही निरर्थक जाहिराती येतातच. शिवाय कोणता शिक्का मानायचा हे आता मोजक्या बलाढ्य कंपन्या ठरवतात, आणि त्यांच्या नियमांचा जाच आमच्यासारख्या लहान प्रेषकांनाच अधिक होतो. ही तक्रार आम्ही सोडणार नाही. पण तिची किंमत एखाद्या विद्यार्थिनीने मोजावी, हे न्याय्य नव्हे. आमच्या मौनाचा अर्थ तिने नकार असा लावला, आणि तिच्या जागी आम्हीही तोच लावला असता.

नोंदी आता केल्या आहेत. एका जाणत्या विद्यार्थ्याच्या मदतीने काम एका दुपारीत उरकले. त्या मुलीला पुन्हा पत्र धाडले आहे. पुढच्या सत्रात पहिला निबंध तिचा.