न उघडलेले खाते

व्यापारी घराण्यात हिशेबाला फार मान असतो. रोजकीर्द नित्य लिहिली जाते, खतावणी वेळेवर होते आणि दीपावलीला वहीपूजन केल्यावाचून पेढीचे नवे वर्ष सुरू होत नाही. पै-पैची नोंद ठेवणाऱ्या या घरात एका व्यक्तीच्या नावाचे खाते मात्र सहसा उघडलेलेच नसते. ती व्यक्ती म्हणजे घरातील आई, आणि पुढे तीच आजी. पहाटे उठून पाणी गाळणारी, सूर्यास्तापूर्वी सर्वांची जेवणे उरकणारी, पर्युषणात स्वतःचा उपवास असतानाही इतरांच्या पारण्याची तयारी करणारी. तिचे कष्ट कोणत्याही वहीत जमा होत नाहीत. ती गेल्यावर छायाचित्राला हार चढतो. पण ती काय बोलत असे, हे दोन पिढ्यांनंतर कोणालाच सांगता येत नाही.

या दृष्टीने खानदेशातील एका मातेचे चरित्र मननीय आहे. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म जळगावजवळील असोदे येथे १८८० मध्ये नागपंचमीच्या दिवशी महाजन कुटुंबात झाला. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. शाळेचे तोंड त्यांनी कधी पाहिले नाही. काशी, ओंकार आणि सोपानदेव ही त्यांची तीन अपत्ये. ऐन तिशीच्या सुमारास त्यांना वैधव्य आले. पुढे प्लेगच्या आजाराने ओंकार यांना कायमचे अपंगत्व आले. शेत, घर आणि मुले असा तिहेरी भार एका निरक्षर स्त्रीच्या शिरावर पडला.

त्यांनी तो भार पेलला, एवढेच नव्हे तर तो पेलताना त्या गात राहिल्या. पेरणी, मळणी, उपणणी, विहिरीवरची मोट, घरातले जाते आणि चूल हेच त्यांच्या गाण्यांचे विषय होते. सुगरण पक्ष्याच्या खोप्यातून त्यांना आईची माया दिसली आणि मोकाट गुरात माणसाचे मन दिसले. कपाळीचे कुंकू पुसले गेल्यावरही त्यांनी दैवापुढे हात पसरले नाहीत. ज्योतिषाला आपला हात पाहू नकोस, असे त्यांनी गाण्यातूनच बजावले. ही गाणी त्यांना लिहिता येत नव्हती. हाताचे काम चालू असताना ती ओठांवर येत आणि काम संपले की वाऱ्यावर विरून जात.

त्यांतील काही गाणी वाचली, ती एका मुलाच्या कान देण्यामुळे. सोपानदेव शाळेत असताना त्यांनी पाठ्यपुस्तकातील सावित्रीची कथा आईला वाचून दाखविली आणि दुसऱ्या सकाळपर्यंत आईने त्यावर गाणे रचले, अशी आठवण सांगितली जाते. पुढे सोपानदेव आणि त्यांचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनी जमतील तेवढी गाणी टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंचे निधन झाले. त्यानंतर सोपानदेवांनी हस्तलिखित वही आचार्य अत्रे यांना दाखविली. अत्र्यांनी त्या सोन्याचा कस तत्काळ ओळखला आणि १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. त्या पहिल्या आवृत्तीत अवघी ३५ गाणी होती. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, आणि ज्या वाड्यात त्या राबल्या तेथे त्यांच्या नित्य वापरातील वस्तू पुढच्या पिढ्यांनी जपून ठेवल्या आहेत.

हिशेबाच्या भाषेत पाहिले तर या साऱ्या ठेव्याला लागलेले भांडवल म्हणजे एक वही आणि थोडा वेळ. जी गाणी टिपली गेली नाहीत, ती मात्र त्यांच्याबरोबरच गेली. ती तूट आता कोणत्याही उपायाने भरून निघणारी नाही.

प्रत्येक घरातील आजी कवयित्री नसते आणि तिने असावे असेही नाही. परंतु तिच्यापाशी जे असते, ते अन्यत्र कोठेही नोंदलेले नसते. अनेक पेढ्यांच्या पहिल्या भांडवलात कोणाच्या तरी पाटल्या असतात. वहीत ती रक्कम मालकाच्या नावे जमा होते. पडत्या काळात घर कसे चालले, भावाभावांतील दुरावा कोणी मिटविला, उधारी थकलेल्या गरीब गिऱ्हाइकाला दारातून रिकाम्या हाताने का जाऊ दिले नाही, हे तिलाच ठाऊक असते. पेढीची पत ज्या वागणुकीवर उभी राहिली, तिचा मूळ दस्तऐवज तीच होय.

येत्या दीपावलीला वहीपूजनासाठी नव्या वह्या आणल्या जातील, तेव्हा त्यांत एक साधी वही अधिक असावी. नातवंडांनी ती घेऊन आजीजवळ बसावे. तिच्या माहेरची नावे, तिची पहिली दिवाळी, तिने गहाण ठेवलेला दागिना, तिच्या पापड-लोणच्याचे प्रमाण आणि तिच्या तोंडच्या म्हणी तिच्याच शब्दांत उतरवून घ्याव्यात. भाषा सुधारू नये, आणि काम लांबणीवरही टाकू नये. इतर येणी उशिरा का होईना, वसूल होतात. या येण्याची मुदत एकदा टळली, की ते कायमचे बुडते.