खांदा श्रमिकाचा, इंजेक्शन बाजाराचे

खांद्याची कंडरा एका दिवसात झिजत नाही. बाजार समितीच्या आवारात पोत्यांची थप्पी लावणारा हमाल, गिलावा करणारा गवंडी, छत रंगवणारा रंगारी यांचे हात वर्षानुवर्षे डोक्याच्या वर उचललेले असतात. त्या श्रमाची किंमत अखेर खांदाच चुकवतो. या झिजेवर आता ‘पुनरुज्जीवना’चा इलाज विकला जात आहे. रुग्णाचेच रक्त काढायचे, यंत्रात फिरवून त्यातील प्लेटलेट्स एकवटायच्या आणि तो द्रव दुखऱ्या कंडरेत टोचायचा, अशी ही पी.आर.पी. पद्धती. प्लेटलेट्समधील वाढपोषक द्रव्ये कंडरा सांधतील, असा तिच्यामागचा तर्क आहे. तर्क आकर्षक खरा. परंतु तर्क म्हणजे पुरावा नव्हे.

तुर्कस्तानातील ४० रुग्णांवरील चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. काहींना पी.आर.पी., तर काहींना नुसते सलाइन टोचले होते. व्यायाम सर्वांनाच दिला होता. वर्षअखेर दोन्ही गटांत फरक आढळला नाही. स्टेरॉइडच्या तुलनेत काही महिन्यांनंतर थोडा लाभ दिसल्याचे काही चाचण्या सांगतात, हे नाकारण्याचे कारण नाही. पण द्रवाची प्रतच जिथे दवाखान्यागणिक बदलते, तिथे खात्रीची भाषा कोणत्या आधारावर? मूळपेशींच्या नावाने चालणारा व्यापार तर याहून गंभीर आहे. चाचणीबाहेर असे उपचार करणे अनैतिक, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बजावले आहे. अपवाद केवळ काही रक्तविकारांचा.

‘रक्त रुग्णाचेच, मग अपाय कसला?’ असा युक्तिवाद केला जातो. रक्त रुग्णाचे असले, तरी बिल दुकानदाराचे असते, आणि ते भागवण्यासाठी काढलेले कर्ज हाही अपायच होय.

याउलट ब्रिटनमधील ७०८ रुग्णांवरील, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फिजिओथेरपिस्टची एक सल्लाभेट आणि घरचा व्यायाम हे सहा भेटींपर्यंतच्या उपचाराइतकेच गुणकारी ठरले. हा उपाय स्वस्त आहे. म्हणूनच त्याची जाहिरात होत नाही. मात्र त्याला विसावा लागतो, आणि वजनावर मजुरी मिळवणाऱ्याचा विसावा म्हणजे चुलीचा विसावा!

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच प्रौढ पुरुषाच्या ओझ्यासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचवली. १९६९ च्या माथाडी कायद्याने महाराष्ट्रात हमालाला मंडळ दिले, संरक्षण दिले. तोच धागा पुढे न्यायला हवा. पोत्याचे वजन मर्यादेत राहावे, दुखापतीच्या काळात भरपगारी रजा मिळावी, सरकारी रुग्णालयांत व्यायामोपचार मोफत असावा. आणि इंजेक्शन देण्यापूर्वी त्याचा पुरावा व खर्च रुग्णाला मराठीत लेखी सांगणे बंधनकारक व्हावे. संघटनांनी या मागण्या हाती घेतल्या नाहीत, तर श्रमाने झिजवलेल्या खांद्यावर बाजार दुसरे ओझे चढवील, आणि त्याला उपचार म्हणेल.