झाकण उघडा!

हौशी माणूस म्हणजे एक तर रिकामटेकडा, नाही तर गिऱ्हाईक, अशी आमची ठाम समजूत आहे. घरातली मंडळी पहिले म्हणतात, बाजारवाले दुसरे. तो शिकणारा असतो, किंबहुना वर्गातल्या पहिल्या नंबरवाल्याहून अधिक शिकणारा असतो, हे कोणाच्या गावीही नसते. इलेक्ट्रॉनिक्सच्या हौशी मंडळींसाठी जे चिमुकले बिनतारी बोर्ड आज बनतात आणि विकले जातात, त्यांच्या बाबतीत या समजुतीने जो अनर्थ चालवला आहे तो पाहून मला राग येतो. आणि सण आला म्हणून तो ओसरत नाही.

ज्यांच्या घरी अशी हौस करणारे मूल नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. दोन शंकरपाळे शेजारी ठेवावेत एवढा तो बोर्ड. त्यावर एक इवलासा संगणक, त्यालाच मायक्रोकंट्रोलर म्हणतात, आणि त्याच्या जोडीला वायफायचा रेडिओ. बहुतेक बोर्डांवर हे सारे पत्र्याच्या झाकणाखाली. कडेला तांब्याची नागमोडी रेघ दिसते, ती नक्षी नव्हे, एरियल. याला दिवा जोडावा, चार ओळींचा प्रोग्राम भरावा, आणि गॅलरीतला आकाशकंदील स्वयंपाकघरातून लावावा. ज्या देशात एके काळी रेडिओ नुसता ऐकायलाही पोस्टातून परवाना काढावा लागे, तिथे २००५ साली २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा मर्यादित शक्तीपुरता बिनपरवाना झाला, म्हणून आज बारा वर्षांची मुलगी स्वतःच्या लहरी स्वतः सोडते. केवढी ही क्रांती! आणि आम्ही तिचे काय केले? खोक्यात भरून विकायला ठेवली.

ही क्रांती झाली कशी, ते पाहण्यासारखे आहे. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी ८२६६ ही चिप २०१४ साली हौशी लोकांच्या हाती पडली. तोवर आर्डुइनोच्या बोर्डाला वायफाय द्यायचे, तर वरून बसवायचा जोडबोर्ड मूळ बोर्डाहून महाग पडे. हा नवा तुकडा मोजक्या डॉलरांत मिळू लागला. पण त्याचे कागद जवळजवळ सगळे चिनी भाषेत! तेव्हा निरनिराळ्या देशांतल्या, एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या लोकांनी ते कागद उलगडले, भाषांतरे केली, तारा जोडून पाहिल्या. त्यांच्या ध्यानात आले की ही चिप दुसऱ्याची नुसती हरकामी नव्हे. प्रोग्राम तिच्या स्वतःच्याच पोटात चालू शकतो. ऑक्टोबरमध्ये कंपनीने प्रोग्राम लिहिण्याची साधने खुली केली. त्याच महिन्यात नोडएमसीयूचे काम सुरू झाले, आणि २०१५ साली आर्डुइनोची सोपी भाषा या चिपवर चालू लागली. त्या चिपचा संसार कोणी मांडला? कागद उघडणाऱ्यांनी आणि ते वाचणाऱ्यांनी.

यावर शहाणे लोक म्हणतात, ‘अहो, सगळे उघडे केले तर नक्कल होईल, धंदा बुडेल.’ नक्कल होते, हे खरेच. इटलीतल्या इव्रिया गावी २००५ साली जन्मलेल्या आर्डुइनोने बोर्डाच्या आकृत्या पहिल्यापासून जगापुढे ठेवल्या, आणि त्याच्या नकला लॅमिंग्टन रोडवर ढिगाने मिळतात. म्हणून आर्डुइनोचे नाव पुसले गेले काय? उलट, नकलेवर शिकलेला विद्यार्थी त्यांचीच भाषा बोलू लागला. एस्प्रेसिफ तर २०१९ साली शांघायच्या शेअरबाजारात दाखल झाली. रास्पबेरी पाय पिको डब्ल्यू २०२२ साली सहा डॉलरांना निघाला, त्याची सर्किट-आकृती कोणीही उतरवून घ्यावी; ती कंपनीही २०२४ साली लंडनच्या शेअरबाजारात गेली. उघडे ठेवून उपाशी मेलेला मला तरी यांच्यात कोणी दिसत नाही.

याउलट झाकपाक करणाऱ्यांची करामत पाहा. यूएसबीतून वीज येते ५ व्होल्टची, चिपला हवी ३.३ व्होल्टची, मध्ये ती उतरवणारा रेग्युलेटर लागतो. वायफाय बोलू लागले की क्षणभर तीनशे मिलिअँपियरच्या आसपास प्रवाह ओढला जातो. तिथे चार आणे वाचवणाऱ्याने मरतुकडा रेग्युलेटर बसवला, की बोर्ड मध्येच मान टाकतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पोर बिचारे रात्र रात्र आपल्या प्रोग्राममध्ये चूक शोधते! सर्किट-आकृती हाती असती, तर एक कपॅसिटर डाख देऊन काम भागले असते. दुसरे उदाहरण नावांचे. नोडएमसीयूच्या बोर्डावर ‘डी १’ छापलेली पिन चिपच्या हिशोबात ५ क्रमांकाची असते. घरावर एक नंबर आणि पोस्टमनच्या वहीत दुसरा! तिसरी गंमत तांबड्या दिव्याची. ही चिप गाढ झोपेत वीस मायक्रोअँपियरवर भागवते, पण बोर्डावर उगाच तेवणारा दिवा त्याच्या कित्येक पट वीज खातो आणि बॅटरी संपवतो. मुळात हा बोर्ड करणाऱ्याने तो बॅटरीवर कधी चालवून पाहिला होता काय?

संपूर्ण उघडा मात्र यांतला कोणीच नाही, हेही सांगितले पाहिजे. वायफाय चालवणारा प्रोग्रामचा गाभा एस्प्रेसिफ बंद पुडीतच देते, आणि पिको डब्ल्यूच्या रेडिओचेही तेच. लहरींच्या कायद्याकडे बोट दाखवले जाते. पण कायद्याने शक्ती मोजावी, पट्टा आखावा. वाचायला मनाई कशाला?

आणि पालकांना काय म्हणावे? विज्ञान प्रदर्शन आले की तयार ‘प्रोजेक्ट’ विकत आणतात, मुलाकडून चार वाक्ये पाठ करून घेतात आणि बक्षिसाचा फोटो भिंतीवर लावतात. पेटीत काय आहे, ते मुलाला ठाऊक नसते, बापाला नसते, आणि परीक्षकही विचारीत नाही. मोठेपणी हाच मुलगा कंपनीच्या सर्व्हरवर जगणारी यंत्रे घेणार. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाची, घरातले दिवे सांभाळणारी पेटी होती. मालक कंपनीने मे २०१६ मध्ये तिचा सर्व्हर बंद केला आणि लोकांनी रोख पैसे मोजून घेतलेल्या पेट्या एका दिवसात निकामी झाल्या. त्या मोडल्या नव्हत्या, जळल्या नव्हत्या. त्यांची किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती, इतकेच.

तेव्हा यंदा फटाक्यांच्या पैशातून मुलीला बोर्ड घ्यायचा असेल, तर जरूर घ्या. दोन घ्या, कारण पहिला ती जाळणारच. मात्र दुकानदाराला आधी विचारा, ‘याची सर्किट-आकृती कुठे मिळेल? आमचा कंदील इंटरनेट बंद असतानाही घरातल्या घरात लागेल ना?’ तो हसून म्हणाला, ‘साहेब, तुम्हाला त्याची काय गरज?’ तर खोके तिथेच ठेवा आणि शेजारच्या दुकानात शिरा. लॅमिंग्टन रोडवर शेजारी दुसरे दुकान असतेच.