आवाजाच्या तळ्यावर पहारा कुणाचा?



मागं एका सरकारी ध्वनिसंग्रहात गेलो होतो. आमच्याकडच्या एका जलसेवाल्याचं जुनं गाणं तिथं फितीवर आहे, असं त्याच्या नातवानं सांगितलं. नातू सोबतच होता. म्हणलं, एक प्रत द्या. टेबलामागच्या साहेबानं मान वर न करता विचारलं, ‘‘कॉपीराइटचं काय?’’ म्हणलं, ‘‘गाणारा मेला. हा त्याचा नातू.’’ साहेब म्हणाला, ‘‘तेच तर. हक्काचा प्रश्न आहे. वरून परवानगी आणा.’’ वर म्हणजे कुठं, ते त्यालाही सांगता येईना.

पायरीवर बसून नातू म्हणाला, ‘‘आज्याचा आवाज म्या कधी ऐकलाच न्हाई.’’ त्या दिवसापासून मी कायदा वाचतोय. जे कळलं ते तुमच्यापुढं टाकतो.

कायदा १९५७ चा. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालं की पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. म्हणजे १९६० साली बाहेर आलेली तबकडी २०२१ च्या पहिल्या दिवशी मोकळी. सरकार मालक असेल तरी हिशेब तोच. आधी ही मुदत ५० वर्षं होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले, त्यांच्या पुस्तकांवरचे हक्क १९९१ अखेर संपायला आले, तेव्हा दिल्लीला जाग आली आणि ५० ची ६० झाली. चांगल्या घरच्या कवीसाठी कायदा घाई करतो. आमच्या शाहिरासाठी तो ‘वरून परवानगी आणा’ म्हणतो.

आता गंमत बघा. ध्वनिमुद्रणाचा ‘कर्ता’ कोण? गाणारा? न्हाई. ढोलकीवाला? न्हाई. कायद्याच्या भाषेत कर्ता म्हणजे निर्माता, ज्यानं मुद्रणाचा पुढाकार घेतला तो. गळा आमचा, कर्ता तो. गाणाऱ्याला स्वतंत्र हक्क आहे हे कायद्यानं मान्य केलं १९९४ च्या दुरुस्तीत. धंद्यासाठी मुद्रण वापरलं तर त्याचा वाटा द्यावा, हे आलं २०१२ साली. तोवर किती शाहीर एकरकमी बिदागी घेऊन, अंगठा किंवा सही करून, मातीत गेले, ते मोजायला कुणी बसलं न्हाई.

शब्दांचा हक्क आणखी वेगळा. तो कवी मेल्यावर ६० वर्षं चालतो. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, तेव्हा त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत. बाबासाहेब गेले १९५६ साली. त्यांनी स्वतः लिहिलेल्या आणि हयातीत छापून आलेल्या शब्दांवरचा हक्क २०१६ अखेर संपला. ३ ऑक्टोबर १९५४ ला आकाशवाणीवर त्यांनी आपलं तत्त्वज्ञान सांगितलं. समता, स्वातंत्र्य, बंधुता मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून न्हाई, बुद्धाकडून घेतली, असं त्यात ठणकावलं. प्रसारण हीच प्रसिद्धी धरली, तर त्या मुद्रणाची साठ वर्षं २०१४ अखेर भरली.

मग मोकळं झालं का सगळं? इथंच मेख आहे. हक्क संपणं वेगळं आणि फीत हातात पडणं वेगळं. हक्क संपला म्हणून कपाट उघडलंच पाहिजे, असं कॉपीराइटचा कायदा म्हणत न्हाई. आणि जी फीत कधी लोकांपुढं आलीच न्हाई, तिची साठ वर्षं सुरूच होत न्हाईत! दाबून ठेवणाऱ्याच्या मुठीत घड्याळ. तो जितका दाबील तितका हक्क लांबतो.

हे आपल्याला नवं न्हाई. १९२३ साली मुंबईच्या विधिमंडळात बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ ला महाड नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचं कागदावर लिहिलं. पाणी मिळालं का? २० मार्च १९२७ ला बाबासाहेब ओंजळ भरायला उतरले तेव्हा कागदाला ओल आली. मग सवर्ण कोर्टात गेले, तळं आमचंच, वहिवाट आमचीच. तो दावा निकालात निघायला १९३७ साल उजाडलं. आजचं तळं आवाजाचं आहे. पाटी ‘सार्वजनिक’ची, पैसा जनतेचा, आणि काठावर साहेब हक्काचा प्रश्न घेऊन उभा.

आपल्यातलेच काही म्हणतात, मोकळं केलं तर बाजारवाले आमची गाणी डीजेत घालून विकतील, कॉपीराइट आहे तेच बरं. भावांनो, तो कॉपीराइट शाहिराचा असता तर मीही काठी घेऊन दारात बसलो असतो. जित्या कलावंताचा पैसा त्याला मिळालाच पाहिजे, मेलेल्याच्या शब्दांचा पैसा त्याच्या वारसाला. पण कुलूप लावून कुणाच्या पोरांच्या ताटात भाकर पडते? बाजारानं विकायचं ते कधीच विकलं. कुलपामागं राहिलं ते न विकलं जाणारं : जलशातलं बोलणं, सभेतली गर्जना, बायांची ओवी. आणि फीत काय अमर असते? पन्नाशीतल्या फिती शिरक्यासारखा वास सोडत कुजतात. जुन्यावर नवं मुद्रण करून फीत वाचवायची रीत तर जगभरच्या रेडिओत होती. हक्क जपता जपता आवाज मरतो.

म्हणून रडगाणं पुरे. माहिती अधिकाराचा कायदा २००५ चा. दहा रुपयांत अर्ज. त्यात ‘माहिती’ची प्रत फितीच्या रूपातसुद्धा मागता येते. आणि कलम ९ पाठ करा : कॉपीराइटचं कारण सांगून अर्ज नाकारायचा असेल, तर तो हक्क राज्यसंस्थेबाहेरच्या कुणाचा तरी असला पाहिजे. सरकारनं स्वतःच्याच हक्काची ढाल पुढं करायची न्हाई. पहिला अर्ज यादीचा टाका : कुठली फीत, कुणाचा आवाज, कुठलं साल, शाबूत की पुसलेली. तीस दिवसांत उत्तर न्हाई आलं तर अपील. प्रत्येक तालुक्यातून एक अर्ज गेला पाहिजे. सोबत गावातल्या म्हाताऱ्यांकडनं शाहिरांची नावं लिहून घ्या, कारण यादीत ‘लोकगीत, गायक अज्ञात’ असं लिहून त्यांना दुसऱ्यांदा मारलेलं असू शकतं.

ज्या माणसानं १९२० साली ‘मूकनायक’ काढला, त्याच्या लोकांचा आवाज सरकारी कपाटात मुका पडलाय. तो नातू अजून पायरीवर बसलाय. मी माझा अर्ज टाकलाय. तुझा कुठंय?

जयभीम.